राखाडी पट्ट्याचा पंच

"इतकी वर्षं शिकतोय हा माणूस. याला मारता येतं की नाही, एवढंच मला कुणीतरी सांगा," असे चष्मेवाल्याची बायको एकदा माझ्याकडे पाहून म्हणाली. प्रश्न सरळ होता आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच असायला हवे होते. मला ते देता आले नाही. जो सहा शाळांत युद्धकला शिकला आणि ज्याने एकाही शाळेची परीक्षा दिली नाही, त्याला शिकलेला म्हणावे की नुसता हिंडलेला, हे ठरवण्याचे साधन निदान माझ्याजवळ नाही. त्याची हकीकत तेवढी सांगता येते.

बाजाराच्या वळणावर त्याचे चष्म्यांचे दुकान होते. पुढे चौकटी मांडलेले काचेचे कपाट, मागे भिंगे घासायचे यंत्र, आणि भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. स्वतः चष्मेवाल्याचा नंबर इतका मोठा होता, की चष्म्याशिवाय त्याला त्या तक्त्याची भिंतही नीट सापडत नसे. तरुणपणी तिकीट खिडकीपाशी रांगेवरून त्याची कोणाशी तरी बाचाबाची झाली. पहिल्याच फटक्यात चष्मा उडाला. बाकाखाली चाचपडत त्याने तो शोधून डोळ्यांवर चढवला, तोवर मारणारा तिकीट काढून निघूनही गेला होता. ज्याच्यावर सूड उगवायचा त्याचा चेहराच पाहिलेला नाही, अशा माणसाला नाइलाजाने शिक्षणाकडे वळावे लागते.

पहिल्यांदा तो कुस्ती शिकायला गेला. वस्तादांनी सांगितले, सगळे बळ मानेत असते. तिथून तो मुष्टियुद्धाच्या वर्गाला गेला, तिथे बळ टाचेत निघाले. काठी शिकवणाऱ्या बाईंच्या मते ते मनगटात होते. आणि आठवड्याभरात स्वसंरक्षण शिकवणाऱ्या एका निवृत्त सैनिकाने तर बळ वगैरे काही नसतेच, असते ती फक्त समोरच्याची गफलत, असा निर्वाळा दिला. एका बाबतीत मात्र या चौघांचे एकमत होते. प्रत्येकाचे पहिले वाक्य एकच असे : "आधी शिकलात ते सगळं विसरा." चष्मेवाला आज्ञाधारक विद्यार्थी. तो मनापासून विसरे. एका शाळेतले विसरून होईपर्यंत दुसऱ्या शाळेत जायची वेळ झालेली असे.

विसरताना तो तुलना मात्र करी. दुपारी दुकानात टेकायला येणाऱ्यांना तो एकेका शाळेचे गुणदोष समजावून सांगे : कुठे पाय जास्त वापरतात, कुठे कंबर, कोणाचा बचाव चांगला आणि कोणाचा नुसताच देखणा. त्यावरून बाजाराने त्याला 'तराजू' म्हणायला सुरुवात केली. त्याच्या तौलनिक अभ्यासाची एक मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. चष्मा फुटेल म्हणून सरावाच्या वेळी तो काढून ठेवावा लागे. सहाही शाळांतले सगळे पवित्रे त्याने धुक्यातच पाहिले होते. ज्या पद्धतींची तो आयुष्यभर तुलना करत आला, त्या त्याला दिसलेल्या नव्हत्या, लागल्या होत्या.

लागलेल्या जागा बायको पाहत असे. ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत परिचारिका होती. नवरा घरात शिरला की ती हातातले काम न सोडता विचारी, "आज कुठल्या घराण्याची सूज?" त्याने सांगितले की ती बोटाने दाबून बघे आणि म्हणे, "गायकी चांगली आहे. बर्फ लाव."

पाचवी आणि सहावी शाळा एकाच इमारतीत होत्या, आणि त्याच्या आयुष्याचे पुढे जे झाले ते तिथेच झाले.

ही इमारत छापखाना कामगारांच्या संघाची. खाली लांबरुंद दालन, वर लाकडी तक्तपोशीची, म्हणजे फळ्यांच्या जमिनीची, खोली. कामगारांनी मोकळ्या वेळात वाचन करावे म्हणून ती बांधली होती. पण दिवसभर अक्षरे जुळवणाऱ्याला संध्याकाळी पुन्हा अक्षरे नको वाटतात हे बांधून झाल्यावर लक्षात आले. मग संघाने दोन्ही जागा वर्गांना दिल्या. वर गुरुजी शिकवीत, खाली सर शिकवीत. गुरुजी आणि सर सख्खे साडू होते.

दोघेही एकाच म्हाताऱ्या उस्तादांचे शिष्य. उस्तादांना दोन मुली होत्या. एक याला दिली, एक त्याला. विद्येचेही असेच दोन भाग करता येतील असे बहुधा त्यांना वाटले असावे, पण तसे काही सांगून ठेवण्याआधीच ते गेले. मग गादी कोणाची, असा वाद उभा राहिला. गुरुजी म्हणत, थोरला जावई मी. सर म्हणत, शिष्य म्हणून मी आधी आलो, जावई नंतर झालो. कलेतला अधिकार बायकोच्या जन्मतारखेवर ठरवावा की स्वतःच्या प्रवेशाच्या तारखेवर, या प्रश्नाचा निकाल लागणे शक्य नव्हते. दोघांनी बोलणे बंद केले. त्या दोघी बहिणी मात्र रोज एकमेकींच्या स्वयंपाकघरात असत, आणि नवऱ्यांचे निरोप, निरोप आहेत असे न भासवता, इकडून तिकडे पोहोचवीत.

बोलणे बंद झाल्यावर फरक दिसायला हवा. तो नसेल तर करायला हवा. वर नमस्कारासाठी उजवा तळवा डाव्यावर ठेवू लागले. हे कळताच खाली डावा उजव्यावर गेला. ठोसा मारताना वर 'हा' म्हणून श्वास सोडत, तर खाली 'हू' म्हणून. वर पट्ट्याची गाठ बेंबीवर, खाली डाव्या बाजूला. वरच्यांनी आपल्या पद्धतीला 'मृदू' म्हटले, तेव्हा खालच्यांना 'कठोर' होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. काही वर्षांत दोन्हीकडे अशी पिढी तयार झाली, जिला आपण एकाच झाडाची फळे आहोत हे सांगितले असते तर तिने तो अपमान मानला असता.

चष्मेवाला दोन्हीकडे जाई. एक दिवस वर, एक दिवस खाली. याआधीच्या गुरूंनी 'विसरा' म्हणून सांगितले होते; हे दोघे म्हणत, "विसरू नका, खाली किती चुकीचं शिकवतात ते लक्षात ठेवा," आणि "वर कसं शिकवतात ते बघून या, म्हणजे आपलं कळेल." त्याच्या तुलनेला पहिल्यांदाच कोणीतरी मान देत होते. कधी दोन्ही वर्ग एकाच दिवशी आले, तर तो जिन्याच्या मधल्या वळणावर थांबे, बेंबीवरची गाठ सोडून डावीकडे बांधे आणि मग खाली उतरे. परीक्षा त्याने कुठेच दिली नाही. एका शाळेचा रंगीत पट्टा बांधला की दुसरीत पाऊल टाकता येणार नव्हते. पांढराच पट्टा धुऊन धुऊन राखाडी झाला. नवी मुले राखाडी म्हणजे काळ्याच्याही वरची काहीतरी पायरी समजून त्याला वाकून नमस्कार करीत. तो चष्मा काढलेल्या स्थितीत असल्यामुळे त्याला ते दिसत नसे, आणि त्याचे उत्तर न देणे हाही थोर माणसाचा स्वभाव समजला जाई.

"तुला नक्की आवडतं काय तिथलं?" बायकोने एकदा विचारले.

"दोन्हीकडे माझी वाट बघतात," तो म्हणाला. "वर गेलो की खालचं विचारतात, खाली गेलो की वरचं."

"म्हणजे सासर-माहेर करणारी सून झालास."

"असेना. सुनेला दोन घरं तरी असतात."

मग तक्तपोशी कुजली. वर मुले पडण्याचा सराव करीत आणि खाली सरांच्या वर्गावर गिलावा पडे. सरांनी तो हल्ला समजून सोसला. पण गिलाव्याच्या मागून एक दिवस पाय खाली आला, तेव्हा संघाने अभियंता बोलावला. त्याने वर उड्या मारायला बंदी केली. "आमच्यात उड्या नाहीत, आमची पद्धत मृदू आहे," असे गुरुजींनी कळवले. अभियंत्याने लिहून दिले की लाकूड मृदूच झाले आहे, अडचण तीच आहे.

उरले एक दालन आणि दोन शाळा. छापखान्यात सकाळची पाळी आणि रात्रीची पाळी यांच्या मधली संध्याकाळ तेवढी मोकळी. संघाच्या चिटणिसांनी दोन्ही साडूंना निरनिराळ्या वेळी बोलावून सांगितले, "दिवस वाटून घ्या." दोघांनीही निरनिराळ्या वेळी एकच उत्तर दिले : ज्या जमिनीवर तो उभा राहील त्या जमिनीवर मी उभा राहणार नाही. चिटणीस हा रात्रभर अक्षर-जुळाऱ्यांची भांडणे सोडवलेला माणूस. तो म्हणाला, "ठीक. दोन्हीकडचा एकेक माणूस आणा, एक लढत होऊ द्या. जिंकेल त्याची जागा. पंच कोण?"

दोन्हीकडचे ज्याला मानतात असा त्या गावात एकच माणूस होता.

निवड झाली त्या संध्याकाळी चष्मेवाला जेवला नाही. बायकोने ताट वाढून ठेवले होते. "यात अवघड काय आहे?" ती म्हणाली. "एकाला हो म्हण, दुसऱ्याला नाही म्हण."

"ज्याला नाही म्हणेन त्याची शाळा बंद होईल."

"आणि ज्याला हो म्हणशील त्याच्याकडे जा."

"तिथं जाऊन सांगू काय? दुसरीकडचं विचारायला दुसरीकडे काही उरलेलंच नसेल. एकाच शाळेत मी नुसता म्हातारा नवशिका असेन गं."

"मग घरी बस. इथंही तू तोच आहेस."

दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले. चौकटीचा स्क्रू ढिला झाला होता. तो पिळून होईपर्यंत ते अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले आणि निघताना म्हणाले, "मी काही बोलणार नाही. तराजू आहात, जड काय, हलकं काय तुम्हाला कळतं." थोड्या वेळाने सर आले. "नंबर वाढलाय का बघा," ते म्हणाले. नंबर वाढला नव्हता. "मग बरंय. म्हणजे मला अजून सगळं दिसतंय. कोण कुठं जातो तेही." दोघांनीही पैसे द्यायचे विसरून दाखवले, ज्यामुळे ते गिऱ्हाईक म्हणून आले नव्हते हे स्पष्ट झाले.

लढतीच्या संध्याकाळी दालन भरले. एका भिंतीला वरचे, समोरच्या भिंतीला खालचे, आणि मधे दाराजवळच्या बाकावर दोघी बहिणी एकमेकींना चिकटून. वरच्यांनी बेकरीतला भट्टीवाला उतरवला. मृदू पद्धतीचा हा प्रतिनिधी दारातून अंग तिरके करून आत येई. खालच्यांची होती टपाल कार्यालयात शिक्के मारणारी एक किडकिडीत बाई, जिच्या उजव्या हाताबद्दल टपाल खात्यात आदर होता. चष्मेवाल्याने सवयीने चष्मा काढून बायकोकडे दिला.

"अहो, पंचानं चष्मा काढला!" कोणीतरी ओरडले.

"घातल्यावर मला यातलं काही सुचत नाही," तो म्हणाला. चिटणिसांनी कपाळावर हात मारून घेतला, पण नियमांत पंचाला दिसले पाहिजे असे कुठेही म्हटलेले नव्हते.

"सुरू करा."

भट्टीवाल्याने उजवा तळवा डाव्यावर ठेवून नमस्कार केला. शिक्केवालीने डावा उजव्यावर. दोघांनी पवित्रा घेतला. आणि दोघे उभे राहिले.

इथे उस्तादांची एक शिकवण सांगणे भाग आहे. 'पहिला हात आपला नसावा.' समोरच्याने हलावे, मगच आपण. साडूंनी नमस्कार बदलले, गाठी बदलल्या, श्वास बदलले. पण ही एक गोष्ट दोघांनीही तशीच ठेवली होती, आणि दुसऱ्याने ती ठेवली असेल अशी शंकाही दोघांना नव्हती. उलट, 'समोरचे उतावळे असतात, तेच आधी येतील', असे दोन्हीकडे घोकून घेतले होते.

तेव्हा ते उभे राहिले. भट्टीवाल्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि तिथून टपकला. शिक्केवालीची पापणी लवली नाही. पहिल्यांदा दोन्ही भिंतींनी श्वास रोखून धरले. मग कोणीतरी सोडला. मग कुजबुज सुरू झाली.

"काय ताबा आहे बघ," वरचा एकजण म्हणाला. "हलूच देत नाहीये तिला."

"तिनं खिळवून ठेवलंय त्याला," खालचा एकजण म्हणाला.

"हे दोघं फोटोसाठी उभे आहेत का?" छापखान्यातला एकजण म्हणाला. तो चहा प्यायला गेला, पिऊन परत आला, तरी चित्र तेच होते. थोरलीने धाकटीला विचारले, "पीठ मळून ठेवलंयस का गं?" रात्रपाळीची माणसे खिडकीत डोकावून निघून गेली. चिटणीस किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवू लागले. आपापल्या भिंतीपाशी गुरुजी आणि सर एकाच समाधानाने मान डोलवत होते. असेच चालले असते तर दोन्ही शाळा आपापल्या मते जिंकून दालन कोणालाच मिळाले नसते, आणि तराजूची दोन्ही घरे निकालाअभावी का होईना शाबूत राहिली असती.

पण त्याला दिसत नव्हते. समोर दोन धुरकट आकार होते आणि त्यांच्याकडून ठोशाचा आवाज काही येत नव्हता. लढत संपली की सुरूच झाली नाही, हे त्याला कळेना. शेवटी तो दोघांच्या मधे सरकला आणि विचारण्यासाठी हात वर केला : "काही झालं का—"

त्या लढतीत पहिल्यांदा हललेला तो एकटाच माणूस. डावीकडून 'हा' आला, उजवीकडून 'हू'.

तो जमिनीवर पडला तेव्हा टाळ्या वाजल्या, मग थांबल्या. बायको प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावली. पण तिच्याही आधी गुरुजी आणि सर पोहोचले होते. दोघांची डोकी त्याच्या तोंडावर एकत्र आली.

"आधी कोणाचा लागला?" गुरुजींनी विचारले.

"जास्त कोणाचा लागला ते सांगा," सर म्हणाले.

"आधी त्याला श्वास घेऊ द्या!" बायको ओरडली.

"कुठल्या पद्धतीनं?" छापखान्यातला तो माणूस म्हणाला.

चष्मेवाल्याने श्वास घेतला. सगळे दालन वाकून ऐकत होते. त्याला खोटे बोलता आले असते. कोणाचेही नाव घेतले असते तरी ते अर्ध्या दालनाने खरे मानले असते. पण आयुष्यात पहिल्यांदा दोन पद्धती एकाच क्षणी, एकाच अंगावर, कोणतेही विसरणे मधे न येता त्याच्या वाट्याला आल्या होत्या. अशी संधी मिळालेल्या अभ्यासकाला तोंड आवरणे फार कठीण जाते.

"सारखाच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"एकच आहे तो. दोन्हीकडून तोच आला. लागता लागता मनगट तसंच वळलं, लागल्यावर तसंच मागं घेतलं." त्याला खरोखर आनंद झाला होता. "गुरुजी, सर, तुमचं दोघांचं एकच आहे हो! काही फरकच नाही!"

शिक्केवालीने आपल्या मुठीकडे पाहिले. भट्टीवाल्याने आपल्या. बाकावर धाकटी काहीतरी बोलणार होती. थोरलीने तिचा हात दाबला.

गुरुजी सावकाश उभे राहिले. बरीच वर्षे ज्याच्याकडे पाहिले नव्हते त्या साडूकडे त्यांनी पाहिले.

"याला काही कळत नाही," गुरुजी म्हणाले.

"मी पहिल्यापासून म्हणतोय," सर म्हणाले.

"इतकी वर्षं शिकवलं याला मी."

"मीही शिकवलं. दगडाला पाझर फुटेल, याला नाही."

"'हा' आणि 'हू'तला फरक कळू नये?"

"अहो भाऊजी, ह्याला अजून गाठ बांधता येत नाही. बघा, जिन्यावर सोडून पुन्हा बांधतो. मला वाटायचं तुमच्याकडे असंच शिकवतात."

"आमच्याकडे? मला वाटायचं तुमच्याकडे."

ते बोलत बोलत बाकाकडे गेले. दोघी बहिणींनी सरकून जागा करून दिली. चष्मेवाला किती मठ्ठ आहे या विषयावर दोघांचे इतके तंतोतंत जमले, की जमिनीवर पडलेल्या माणसाला उचलायचे राहून गेले. ते काम भट्टीवाल्याने केले. चिटणिसांनी लोखंड तापले आहे हे ओळखून तेवढ्यात दिवसांचा प्रश्न पुढे केला, आणि साडूंनी दालन एकाआड एक दिवस वाटून घेतले. जमीन तीच असण्याला आता कोणाची हरकत नव्हती. अट एकच घातली गेली आणि ती दोघांनी एका सुरात सांगितली : तराजूने यापुढे कोणाच्याही वर्गाला यायचे नाही.

"का पण?" बायकोने विचारले. "त्यानंच तर मिटवलं तुमचं."

"वहिनी, इथं राहिला तर हेच सगळीकडे सांगत सुटेल," सर म्हणाले.

"आणि नव्या मुलांना खरं वाटेल," गुरुजी म्हणाले.

घरी आल्यावर तिने त्याचा सदरा काढून बघितले. दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर एकेक सूज होती, आकाराने सारखी, रंगाने सारखी. तिने दोन्ही बाजू दाबून पाहिल्या. या खेपेला तिने घराणे विचारले नाही.

"चुकलो का गं मी?" तो म्हणाला.

"चुकला असतास तर एका तरी घरात राहिला असतास," ती म्हणाली, आणि दोन्हीकडे बर्फ धरून बसली.

पट्टा तिने धुतला आणि घडी करून कपाटात ठेवला. चष्मेवाला पुढे संध्याकाळीही दुकान उघडे ठेवू लागला. तुलना ऐकायला माणसे काही दिवस येत राहिली. पण विचारले तरी तो "सगळं सारखंच आहे" एवढेच सांगे, आणि असल्या माणसाकडे बसण्यात मजा नसते. गुरुजी आणि सर चौकटी दुरुस्त करायला दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. दोघे बरोबर जात.

२००६ साली त्याने दुकान भाच्याच्या हवाली केले. त्या वर्षअखेरीस दोन्ही शाळांचे वर्ग त्याच दालनात, एकाआड एक दिवस, भरत होते.